पितळी दुर्बिणीवर ‘लंडन १९१७’ कोरलेलं असतं, ते खरं असतं का? अशा दुर्बिणी बनतात कशा?

तुम्ही लिहिलंय की वडील मर्चंट नेव्हीतून निवृत्त होताहेत आणि त्यांना दिवाणखान्यात ठेवायला एक पितळी दुर्बीण द्यायची आहे. ऑनलाइन एक पसंत पडली आहे, तिच्यावर ‘केल्विन अँड ह्यूज, लंडन, १९१७’ असं कोरलंय. ती खरंच शंभर वर्षांची असेल का, आणि अशी दुर्बीण घडवतात कशी, हे तुम्हाला हवंय.

शंभर वर्षांची ती नाही. केल्विन, बॉटमली अँड बेअर्ड आणि हेन्री ह्यूज अँड सन या दोन जुन्या कंपन्या एकत्र आल्या १९४७ साली, आणि त्यातून केल्विन अँड ह्यूज हे नाव जन्माला आलं. १९१७ मध्ये ते पितळेवर कोरायला अस्तित्वातच नव्हतं. मी बरीच वर्षं टूलरूममध्ये लेथवर काम केलं, आता जुनी पितळी उपकरणं दुरुस्त करतो. हाच मजकूर, हेच साल असलेल्या कितीतरी दुर्बिणी माझ्या हातून गेल्या आहेत. एक तर मी स्वतः जुनी समजून चांगले पैसे मोजून घेतली होती. घरी येऊन खोलली तेव्हा आतले आटे कोरे करकरीत होते, आणि दुकानदाराने सांगितलेली जहाजाची कहाणी तिथेच संपली. फार वाईट वाटलं होतं, म्हणून तुम्हाला सविस्तर लिहितोय.

अशा बऱ्याच दुर्बिणी आपल्याकडेच होतात, उत्तराखंडातल्या रुरकीत. गंगेच्या कालव्याचं काम आणि १८४७ साली सुरू झालेलं इंजिनीअरिंग कॉलेज यांच्यामुळे त्या गावात मोजणीची आणि ड्रॉइंगची उपकरणं बनवणारे कारागीर तयार झाले. आज तिथल्या कारखान्यांतून होकायंत्रं, सेक्स्टंट (जहाजावरून सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचं उपकरण), दुर्बिणी जगभर जातात. म्हणजे हात उपकरणं घडवणाऱ्यांचेच आहेत. वस्तू नवी आहे यात काही कमीपणा नाही. तिच्यावर खोटं साल घालतात आणि ज्याने ती घडवली त्याचं नाव कुठेच नसतं, हे मात्र मला खुपतं.

आता मूळ दुर्बिणीकडे. १६०८ च्या ऑक्टोबरात नेदरलँड्समधल्या मिडलबर्गच्या हान्स लिपरशे या चष्मेवाल्याने हेगमध्ये दुर्बिणीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढच्याच वर्षी गॅलिलिओने स्वतःच्या दुर्बिणी केल्या. त्यांत पितळ नव्हतं, लाकूड, कागद, चामडं असंच सगळं होतं. पुढेही बराच काळ एकात एक सरकणाऱ्या नळ्या पुठ्ठ्याच्या असत, वरून कातडं मढवलेल्या. दमट हवेत पुठ्ठा फुगतो आणि नळी अडकते. जहाजावर याचा किती वैताग होत असेल, ते तुमचे वडीलच सांगतील.

पितळेकडे वळण्याआधी भिंगाची गोष्ट सांगतो. एकाच भिंगातून पाहिलं की उजळ वस्तूच्या कडेला जांभळी-पिवळी झालर दिसते, कारण काच प्रत्येक रंग वेगळा वाकवते. चेस्टर मूर हॉल या वकिलाने १७३० च्या सुमाराला यावर तोड काढली: साध्या क्राउन काचेचं फुगीर भिंग आणि शिसं घातलेल्या फ्लिंट काचेचं खोलगट भिंग एकाला एक जोडायचं, म्हणजे एकाने फाकवलेले रंग दुसरं गोळा करतं. गुपित फुटू नये म्हणून त्याने दोन भिंगं दोन वेगळ्या दुकानांत घासायला दिली. दोन्ही दुकानांनी ते काम बाहेर दिलं, आणि दिलं ते एकाच माणसाला, जॉर्ज बासला! दोन्ही भिंगांचा धनी एकच आहे हे बासच्या लक्षात आलं. पुढे ही गोष्ट जॉन डॉलंडपर्यंत पोचली. हा मुळात लंडनचा रेशीम विणणारा, नंतर मुलाच्या भिंगांच्या धंद्यात आलेला. त्याने स्वतः प्रयोग केले आणि १७५८ मध्ये पेटंट मिळवलं. डॉलंडच्या दुर्बिणी इतक्या गाजल्या की त्या काळीच लोक नावात एखादं अक्षर बदलून नकला विकत. तेव्हा खोटं नाव कोरण्याची खोड रुरकीची नाही, ती लंडनचीच आहे.

पितळच का, तर ते खाऱ्या हवेत लोखंडासारखं गंजत नाही आणि शेजारच्या होकायंत्राची सुई हलवत नाही. शिवाय लेथवर ते फार गुणी. कातताना बुरा बारीक पडतो, आटे स्वच्छ उतरतात.

खरी कारागिरी नळीत असते. जुन्या पद्धतीत पितळेचा पातळ पत्रा पोलादी दांड्यावर वळवायचे, कडेला कड भिडवून सांधा डाख देऊन झाळायचे. भट्टीच्या आचेने पितळ मऊ पडतं. मग दांड्यासकट ती नळी पोलादी पट्टीतल्या, किंचित लहान भोकातून जोराने ओढायची. त्या ओढण्यात नळी नेमकी गोल होते, जाडी सगळीकडे सारखी येते आणि मऊ पडलेलं पितळ पुन्हा कडक होतं. कडक नसेल तर बोटाच्या दाबानेही पोचा पडेल. पुढची नळी याच्या आत बसेल अशा मापाची, तिच्या पुढची त्याहून बारीक. प्रत्येक नळीच्या तोंडाशी आट्यांनी बसणारी कडी असते आणि कडीच्या आतल्या बाजूला उभ्या चिरा पाडलेला छोटा तुकडा. चिरांमुळे त्याच्या पाकळ्या होतात, त्या स्प्रिंगसारख्या नळीला धरून ठेवतात. चांगली दुर्बीण बंद करताना आतली हवा हलकेच अडवते, हाताला ती गादीसारखी जाणवते. मला या कामातलं सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.

शेवटचा हात लॅकरचा. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, पितळ कोमट करून, ब्रशने एका दमात फिरवायची. थांबलात की डाग राहतो. ही लाख मुख्यतः हिंदुस्थानातूनच जायची, त्यामुळे लंडनच्या जुन्या दुर्बिणीवरची ती सोनेरी झाक बहुधा आपल्या झाडांवरून गेलेली.

घेताना काय बघायचं? पुढच्या भिंगासमोर ट्यूबलाइट धरा. दोन ठसठशीत प्रतिबिंबांच्या मधे तिसरं अगदी पुसट दिसलं, तर भिंग चिकटवलेलं जोडभिंग आहे. दोनच दिसली तर एकेरी समजा, कडांना रंग दिसणार. नळ्या पूर्ण ओढून हलवा, माना डोलावल्यासारख्या हलल्या तर कड्या सैल आहेत. आतून काळा रंग हवा, नाहीतर चकाकीने चित्र धुवट होतं. आणि चिंच-लिंबू कधीही लावू नका, लॅकर जाईल. मऊ कोरडा कपडा पुरे. उन्हाच्या खिडकीतही ठेवू नका. घरात मुलं असतील तर सूर्याकडे रोखायची नाही, हे पहिल्याच दिवशी बजावून सांगा, डोळा कायमचा जातो.

माझं ऐकाल तर ती ‘१९१७’वाली सोडा. बिनमजकुराची, जोडभिंगाची नवी दुर्बीण शोधा आणि मोठ्या नळीवर वडिलांचं नाव, त्यांनी ज्या जहाजांवर काम केलं त्यांची नावं आणि निवृत्तीची तारीख कोरून घ्या. ही पद्धत जुनी आहे. ब्रिटिश खलाशांना बुडताना वाचवणाऱ्या परदेशी कप्तानांना त्यांचं सरकार एकोणिसाव्या शतकात दुर्बीण भेट देत असे, आणि तिच्यावर कप्तानाचं नाव, जहाजाचं नाव आणि घटनेचं साल असे. कोरीव काम लॅकर चढवण्याआधी करायला सांगा, नंतर केलं तर अक्षरांच्या कडेने ते सोलतं.