सदरमधलं ‘सदर’ पिवळं का होतं?

प्रश्न : दादा नमस्कार. मी धरमपेठेत राहते, शाळेतून रिटायर झाल्यापासून थोडंफार लिहिते. यंदा एका दिवाळी अंकाला मारबतीवर, म्हणजे आपल्या नागपूरच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीवर, लेख पाठवला तर तो परत आला, वर पेनानं एकच ओळ, ‘शब्द ढिले आहेत, घट्ट करा’. आता कोणते ढिले तेही सांगून टाकायचं ना! माझा भाचा मिहानमध्ये कोडिंग करतो, त्यानं माझ्या लॅपटॉपवर व्हीएस कोड नावाचं कोड लिहायचं एडिटर टाकून दिलं आणि त्यात एक अ‍ॅड-ऑन, म्हणे कमजोर शब्द आला की खाली रेघ मारतं. मी अख्खा लेख त्यात पेस्ट केला, एकही रेघ नाही. म्हणजे माझे शब्द घट्टच आहेत आणि संपादकच ढिला, असं समजू का? नमुन्याला पहिलं वाक्य देते : ‘मारबत हा नागपूरचा अत्यंत महत्त्वाचा सण असून तो खूप मोठ्या प्रमाणात उत्साहात साजरा करण्यात येतो.’

उत्तर : ताई, समजायला काही हरकत नव्हती, पण त्या अ‍ॅड-ऑनला मराठी येतच नाही हो. त्याच्या पोटात इंग्रजी शब्दांची एक यादी असते, व्हेरी, मेनी, व्हेरियस, फेअरली असले, आणि ते बिचारं तुमच्या लेखात तेवढेच शोधतं, एकही सापडला नाही की गप्प बसतं. ते गप्प बसलं म्हणजे पास झालो असं नाही, पेपर दुसऱ्याच विषयाचा होता.

ही अ‍ॅड-ऑनं आतून अगदी साधी असतात. मॅट माइट नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं आपल्या पीएचडीच्या पोरांचं लिखाण सुधारायला तीन छोट्या स्क्रिप्ट लिहिल्या होत्या, एक गुळमुळीत शब्द पकडायची, दुसरी कर्मणी वाक्यं, तिसरी चुकून दोनदा पडलेले शब्द. त्यावरूनच पुढे ईमॅक्स एडिटरसाठी राइटगुड मोड आला, आणि विम या दुसऱ्या एडिटरमध्ये वर्डी नावाचं प्लगइन आहे त्यात तर ‘वीक’, म्हणजे कमजोर, नावाची वेगळी यादीच आहे. सगळ्यांचं काम एकच, यादी घ्या, शब्द शोधा, रंग लावा. म्हणून मराठीसाठी वेगळं सॉफ्टवेअर यायची वाट बघू नका, यादी तेवढी आपली करा.

भाच्याला सांगा, व्हीएस कोडमध्ये ‘हायलाइट’ नावाचं अ‍ॅड-ऑन टाक, ज्यात आपला पॅटर्न आणि आपला रंग देता येतो. पॅटर्न म्हणजे कंसात उभ्या रेघा टाकून लिहिलेले शब्द, असे : (खूप|खुप|अत्यंत|अतिशय). ‘खुप’ ऱ्हस्व मुद्दाम घातलाय, कारण टाइप करताना आपण सगळेच ते करतो आणि मशीनला तो वेगळाच शब्द वाटतो. शब्दाचं मूळ तेवढं द्या, ‘महत्त्व’ दिलं की महत्त्वाचा, महत्त्वाची, महत्त्वपूर्ण सगळे एका जाळ्यात येतात, फक्त एका त-चं ‘महत्व’पण सोबत टाका नाहीतर तेवढं निसटून जातं.

आता गंमत ऐका. मी स्वतः यादी केली तेव्हा त्यात मोठ्या हौसेनं ‘सदर’ टाकला, कारण ‘सदर इसम’, ‘सदर प्रकरणी’ असलं सरकारी मराठी मला अजिबात खपत नाही. आणि मग काय बाप्पा, नागपूरच्या सदर भागातल्या एका जुन्या हॉटेलवरचा लेख उघडला तर पान हळद लागल्यासारखं पिवळं! सदर बाजार पिवळा, ‘हे सदर दर महिन्याला’ पिवळं, एका आजोबांनी घातलेला सदरासुद्धा पिवळा. मी भाच्यासारख्याच एका पोराला धरलं, तो म्हणाला काका सोपं आहे, शब्दाच्या दोन्ही बाजूंना सीमेची खूण टाकू, ती उलटी तिरकी रेघ आणि बी. टाकली, तर एकही सदर सापडेना! कारण व्हीएस कोड ज्या जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेवर चालतं तिथे ती खूण फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर यांनाच शब्द मानते, देवनागरीला शब्दच धरत नाही तर शब्दाची सीमा कुठून दिसणार. मग त्यानं युनिकोडच्या, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या पद्धतीच्या, हिशोबानं ‘मागेपुढे अक्षर नसावं’ असं लिहिलं, तरी सदरा पिवळाच. इथे आमची अर्धी दुपार गेली. शेवटी कळलं की सदरा-मधला काना हा युनिकोडच्या लेखी अक्षर नाहीच, तो चिन्हांच्या वेगळ्या गटात मोडतो, म्हणजे अक्षर आणि चिन्ह दोन्ही गट वगळायला पाहिजेत. तुमच्या भाच्याला हे आधीच सांगून ठेवा, त्याची दुपार वाचेल. सदर बाजाराचं मात्र कोणताच पॅटर्न काही करू शकत नाही, तो पिवळाच राहणार, आपण बघून सोडून द्यायचं.

दोनदा आलेले शब्द पकडायची सोय असेल तर ती बंदच करा. इंग्रजीत तो टाइप करतानाचा घोळ असतो, आपल्याकडे ‘पुन्हा पुन्हा’, ‘हळू हळू’, ‘गरम गरम तर्री’ ही भाषा आहे.

यादीत काय घालायचं ते तुमच्याच जुन्या चार लेखांतून निघेल, दुसऱ्याची यादी उचलू नका. माझ्यात ‘नक्कीच’ आणि ‘एक प्रकारे’ फार निघाले, तुमच्यात बहुतेक ‘मोठ्या प्रमाणात’ निघेल. ‘च्या माध्यमातून’, ‘या ठिकाणी’, ‘विविध’, ‘संपन्न’ हे मी सगळ्यांच्याच यादीत घालीन, त्याबद्दल माझं मत पक्कं आहे. ‘करण्यात आले’, ‘देण्यात आली’ यांना वेगळा रंग द्या, कारण तिथे रोग वेगळा आहे, करणारा माणूस गायब होतो. आमच्याकडे एकदा लेख आला, ‘१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा देण्यात आली.’ अरे कोणी दिली, कोणाला दिली? बाबासाहेबांनी आधी भिक्खू चंद्रमणींकडून स्वतः दीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखो लोकांना स्वतःच दीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञांसकट. त्या दिवसाची सगळी गोष्ट त्या ‘स्वतःच’मध्ये आहे आणि ‘देण्यात आली’नं नेमकी तीच खाऊन टाकली. पण ‘रात्री पूल बंद करण्यात आला’ यात कोणी बंद केला त्याच्याशी मला घेणंदेणं नाही, ते राहू द्या.

आता तुमचं वाक्य. अत्यंत, महत्त्वाचा, खूप, मोठ्या प्रमाणात, करण्यात येतो, एका वाक्यात पाच ठिकाणी रंग. ताई रागावू नका, पण हे पाचही काढले की उरतं ‘मारबत हा नागपूरचा सण असून तो उत्साहात साजरा’, म्हणजे काहीच नाही. रंगलेला शब्द काढून दुसरा चढवायचा नसतो, ‘खूप’च्या जागी ‘प्रचंड’ ठेवून भागत नाही, तिथे तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलं ते आठवायचं. तुम्ही इतक्या वर्षांपासून बघून राहिल्या आहात ना? मग पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर येतात तेव्हा गच्चीवरून काय दिसतं, बडग्याच्या पुतळ्याच्या गळ्यात त्या वर्षी कोणती पाटी होती, ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत पोरं पुढे कशी पळतात, ते लिहा. त्याला रंग लागणार नाही.

आणि हो, हे ‘बघून राहिल्या’, ‘काहून’ असलं नागपुरी यादीत टाकू नका, भाचा टाकेल कदाचित, ‘अशुद्ध’ म्हणून. ते ढिलं नाही, ते आपलं आहे.

प्रश्न : सर, मी पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या अंकाच्या जुन्या फाइली एडिटरमध्ये उघडल्या तर सगळं इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो, त्यात शब्द कसे शोधू?

उत्तर : त्या फाइली कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये असणार. तिथे स्क्रीनवर मराठी दिसायचं पण आत साठवलेलं असायचं रोमन अक्षर आणि चिन्हं, फाँट गेला की सोंग उतरलं. आधी कन्व्हर्टरनं युनिकोड करून घे, मग यादी चालव. केल्यावर जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घाल, तिथे कन्व्हर्टर फार गडबड करतात. ‘वऱ्हाड’ तर हमखास बघ, कारण तो अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो, दिसतो सारखाच आणि शोधताना एक सापडतो एक नाही.

प्रश्न : एडिटर-बिडिटर जमत नाही, मी वर्डमध्येच लिहितो. काही उपाय? – एक वाचक, महाल

उत्तर : आहे ना भाऊ. वर्डच्या फाइंडच्या चौकटीत ‘रीडिंग हायलाइट’ आहे, शब्द टाका आणि सगळे रंगवा. एका वेळी एकच शब्द होतो, त्यामुळे दहा शब्दांची यादी कागदावर लिहून लॅपटॉपशेजारी ठेवा. लिबरऑफिस असेल तर फाइंड अँड रिप्लेसमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनची टिक लावून वरचा कंसवाला पॅटर्न एका झटक्यात चालतो. फक्त ‘रिप्लेस ऑल’ दाबू नका, मागे मी ‘सदर’च्या जागी ‘हा’ करायला गेलो होतो, त्या आजोबांच्या अंगात ‘हाा’ राहिला आणि प्रूफ वाचणाऱ्यालाही दिसला नाही.