खार रंगवणाऱ्या मुलीच्या आईस

पत्र: मुलगी बारावी कॉमर्सला आहे. सारखी जलरंगात खारी, ससे, कोल्हे रंगवत असते. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची, हाच ध्यास आहे. आधी बी.कॉम. करू द्यावं का? तिच्या एका चित्राचा फोटो पाठवते आहे.
– एक आई, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर: ताई, मुलीला रंगाची समज आहे. पण फोटोतली खार युरोपातली आहे: तांबडी, कानांवर केसांचे तुरे असलेली. आपल्याकडच्या खारीला तुरे नसतात, पाठीवर पट्टे असतात. म्हणजे हे चित्र दुसऱ्या चित्रावरून उतरवलं आहे, आणि कला महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षकांच्या नजरेतून ते सुटत नाही.

तेव्हा दोन महिने सकाळी कमाटीबागेत जाऊन तिने फक्त खार काढावी. दोन-दोन मिनिटांची पेन्सिल रेखाटनं, रोज वीस. मागच्या पायाचा मागे वळलेला सांधा पुष्कळजण गुडघा समजतात आणि प्राणी खुर्चीवरच्या माणसासारखा दिसू लागतो. ती टाच असते. गुडघा वर, पोटाजवळ लपलेला असतो.

मग रंग. कागद जाड, 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा), जमल्यास कॉटनचा. पातळ कागद ओला झाला की फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. काळा रंग वापरू नये. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळले की करडा आणि गडद दोन्ही मिळतात. खारीचे पट्टे फिकट असतात, म्हणून ते रंगवायचे नसतात, पहिल्या वॉशमधून, म्हणजे पाणीदार रंगाच्या पातळ थरातून, राखायचे असतात. गडद रंग भरायचा तो त्यांच्या मधल्या जागेत. वॉश अर्धवट वाळला असताना पाणीदार ब्रश टेकवला, तर पाणी सुकत्या भागाकडे सरकतं, रंगाचे कण कडेला लोटतं आणि फुलकोबीसारखा डाग उमटतो. पूर्ण वाळू द्यावं. केस सर्वांत शेवटी, कोरडसर ब्रशने, शेपटीला आणि सावलीच्या कडेला तेवढेच. अंगभर केस काढले की खारीचं खेळणं होतं.

पण एका देखण्या चित्राने पुस्तक होत नाही. चित्रपुस्तक बहुधा 32 पानांचं असतं. तीच खार बारा-तेरा जोडपानांवर, पळताना, झोपताना, पाठमोरी, ओळखू यायला हवी. मजकुराला जागा मोकळी हवी, आणि चेहरा पानांच्या मधल्या घडीत जाता कामा नये. पोर्टफोलिओत, म्हणजे दाखवायच्या निवडक कामांच्या संचात, एकाच गोष्टीची सलग चार चित्रं आणि कच्च्या रेखाटनांचं एक पान जरूर ठेवा. तूलिका, प्रथम बुक्स, ज्योत्स्ना प्रकाशन यांची पुस्तकं समोर ठेवून ही मांडणी तिने नीट पाहावी.

बी.कॉम.मध्ये तीन वर्षं घालवू नका. 1950 साली सुरू झालेली, चित्रकार ना. श्री. बेंद्रे यांनी जिथे शिकवलं ती सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी तुमच्याच गावात आहे. या कामासाठी पेंटिंगपेक्षा अप्लाइड आर्ट्स (उपयोजित कला) बरं, कारण अक्षररचना आणि छपाईही शिकायला मिळते. अहमदाबादच्या एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्थेची) परीक्षा वेगळी असते आणि तिचे अर्ज बारावीच्या निकालाच्या बरेच आधी भरावे लागतात; तारखा आत्ताच पाहून ठेवा.

सुरुवातीला नुसत्या पुस्तकांवर भागत नाही. पाठ्यपुस्तकं, मासिकं, पॅकेजिंग अशी कामं जोडीला घ्यावी लागतात. करारात मोबदला एकरकमी की रॉयल्टी, दुरुस्त्यांच्या फेऱ्या किती, दुसऱ्या भाषेतल्या आवृत्तीचे पैसे वेगळे मिळणार का, मूळ चित्रं कुणाकडे राहणार, हे सही करण्याआधी विचारावं. तिथे तिचं कॉमर्स कामाला येईल.