गेममधल्या गाण्यांचे शब्द खरंच पात्राची गोष्ट सांगतात, की ते फक्त मूड बनवायला असतात?

सांगतात. आणि तुम्ही प्रश्नाखाली जे लिहिलंय ना, "खेळताना शब्द कोण ऐकतं", त्याच्यामुळेच हे उत्तर लिहायला बसले, कारण माझा दादा अजूनही हेच वाक्य बोलतो. पुढे बॅस्टियन या गेमचा शेवट येणार आहे, खेळायचा असेल तर आधी खेळून या.

बॅस्टियन म्हणजे सुपरजायंट कंपनीचा २०११ चा गेम. त्यात रक्स नावाचा म्हातारा गेमभर बोलत असतो, तुम्ही नुसता हातोडा फिरवलात तरी त्यावर त्याचं काहीतरी म्हणणं असतं. म्हणजे सगळी गोष्ट त्याच्या तोंडून कळते, आणि तो कॅलोन्डिया शहराचा, ज्यांचं उरा लोकांशी युद्ध झालेलं. मग उरांची बाजू तुम्हाला सांगणार कोण? गाणी सांगतात. झिया उरा आहे, आणि ती सापडते तीच गाताना, आधी लांबून आवाज येतो मग ती दिसते. गाण्यात काय, तर बांधा भिंत, हवी तेवढी उंच बांधा, एक दिवस पडणारच आहे. अॅशली बॅरेटचा आवाज इतका गोड आहे की पहिल्यांदा ते प्रेमाचं गाणंच वाटतं, पण ती सरळ धमकी आहे. आणि जो पोरगा ते ऐकतोय, म्हणजे आपण ज्याला खेळतोय तो, त्याच भिंतीवर कामाला होता आणि तो तिकडे असतानाच मागे घरी त्याची आई गेली. हे सगळं तुकड्यातुकड्यात नंतर कळतं आणि मग ते गाणं परत ऐकायला नको वाटतं, इतकं लागतं.

आता झुल्फ. तोही उरा, आपल्यात राहून आपल्यालाच दगा देतो कारण त्याला कळतं की सगळं जग उद्ध्वस्त करणारं शस्त्र त्याच्या लोकांना संपवायला बनवलेलं होतं. शेवटी त्याचेच लोक त्याला बेदम मारहाण करून तिथेच सोडून देतात आणि आपल्याला चॉइस मिळतो, सोडून जायचं की उचलायचं. उचललं तर हातातलं हत्यार टाकावं लागतं. मग आपण हळूहळू चालतो, उरा मारत राहतात, आणि गाणं सुरू होतं, ते गेमचा संगीतकार डॅरेन कॉर्बनेच गायलंय. गाणारा घरी परत चाललाय आणि आईला सांगतोय की मी आलो.

दादाने त्याला सोडून दिलं होतं. मी उचललं. मला जाम रडू आलं आणि दादाचं म्हणणं असं की ते हळू चालणं आणि हातात काही नसणं याच्यामुळे होतंय, गाणं कुठलंही चाललं असतं. नुसतं बोलून थांबला नाही, त्याने गेमचा आवाज बंद करून त्यावर स्वतःच्या फोनमधलं पियानोचं काहीतरी लावलं आणि म्हणाला बघ, सेम. अरे पण तुला मूळ गाणं माहितीये, तुझ्या डोक्यात ते वाजतच असणार, ह्याला टेस्ट म्हणतात का? म्हणून मी मावसबहिणीला बसवलं, तिने गेम बघितलाही नव्हता. आधी पियानोवालं दाखवलं, तर तिने विचारलं की हे लोक ह्याला का मारतायत. मग खरं गाणं लावून दाखवलं तर ती म्हणाली, हा आईशी का बोलतोय, मरतोय का? आणि आई नक्की कोणाची, उचललेल्याची की उचलणाऱ्याची? बास! मला हेच म्हणायचं होतं. हा प्रश्न पियानोतून येऊच शकत नाही, तो शब्दांतून येतो, आणि त्याच प्रश्नात दोघांची गोष्ट आहे. दादा म्हणाला एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. ठीके. आणि शेवटी श्रेयनामावली येते तेव्हा झियाचं आणि झुल्फचं गाणं एकत्र करून दोघं मिळून गातात, ते काय मूडसाठी केलंय का?

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे एकच बघा, गाणं कोण गातंय आणि कोणाला उद्देशून. गायला पात्राकडे कारण असेल तर शब्दांत गोष्ट असते. पोर्टल या गेममध्ये (२००७) ग्लाडॉस नावाच्या बोलणाऱ्या कॉम्प्युटरला आपण संपवतो आणि शेवटी तीच गाते की मला राग आलेला नाही, आणि त्याच गाण्यात आपण तिचे तुकडे करून आगीत टाकले ते ती नीट आठवून सांगते, म्हणजे राग आहेच आणि ती मेलेलीही नाही. ते लिहिणाऱ्या जोनाथन कोल्टनने एका गाण्यात संवादांपेक्षा जास्त सांगितलंय. फायनल फँटसी ८ मध्ये गाणं ज्युलिया नावाच्या गायिकेचं, तिला आवडणाऱ्या लॅगुनासाठी, आणि ते पूर्ण वाजतं तिच्या मुलीच्या प्रेमाच्या सीनला. उलट एखाद्या पॉप गायकाचं गाणं शेवटी नुसतं चिकटवलेलं असेल तर मी त्याला पात्राचं गाणं मानत नाही, कितीही हिट असो.

हो, एक राहिलं, आणि हा दादाचा हुकमाचा पत्ता आहे म्हणून सांगतेय. निअर या गेमची (२०१०) बरीच गाणी गायिका एमी इव्हान्सने बनवलेल्या खोट्या भाषेत आहेत, अर्थ लागायचा प्रश्नच नाही, तरी लोक रडतात. मान्य. तिथे आवाजाची कमाल आहे. पण त्यावरून जिथे अर्थाचे शब्द लिहिलेत तिथले शब्द फुकट कसे ठरतात? आणि हेही खरं की मारामारी चालू असताना गाण्यातलं अर्धं निसटतं, तेव्हा लेव्हल झाल्यावर शब्द काढून शांतपणे वाचा, त्यात काही कमीपणा नाही.

सुरुवात करायची तर ट्रान्झिस्टर (२०१४) हा गेम घ्या. त्यातली रेड गायिका आहे आणि गेम सुरू होतो तेव्हा तिचा आवाज गेलेला असतो. गेममधल्या कॉम्प्युटर टर्मिनलवर काय टाइप करेल तेवढंच तिचं बोलणं, बाकी तिची जुनी गाणी वाजतात, आणि एक बटण दाबून धरलं की ती त्यावर नुसती गुणगुणते. खेळून झाल्यावर "शब्द कोण ऐकतं" म्हणणाऱ्याला एवढंच विचारा की रेडबद्दल तुला जे कळलं त्यातलं किती त्या गाण्यांतून कळलं.