स्लीप ॲप्निया निघालेल्या ट्रकचालकाने नूतनीकरणापूर्वी कोणता कागद हातात घ्यावा

ताई, आपण लिहिले आहे की यजमान कराडहून चौदाचाकी ट्रक घेऊन बंगळुरूच्या खेपा करतात, झोपेच्या तपासणीत त्यांना स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत वारंवार श्वास अडकण्याचा आजार, निघाला, त्यांचा एएचआय (झोपेत तासाला किती वेळा श्वास अडकतो किंवा मंदावतो तो आकडा) ४२ आला, डॉक्टरांनी सीपॅप यंत्र (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे) लावायला सांगितले आणि लायसनच्या नूतनीकरणाला जेमतेम दोन महिने उरले आहेत. हे परिवहन कार्यालयात सांगावे की गप्प बसावे, आणि सांगितले तर पोटावर पाय येईल का, हा आपला प्रश्न. याच फेऱ्यातून मी गेलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. मिरजेत राहून स्वतःची गाडी स्वतः चालवणारा माणूस आहे. कायद्याविषयी जे लिहितो ते कार्यालयात एकदा पडताळून घ्यावे आणि उपचाराविषयी जे लिहितो ते डॉक्टरांना विचारल्याखेरीज करू नये.

आजार काय असतो आणि यंत्र कसे चालते, हे आपल्याला दवाखान्यात सांगितलेच असेल. तासाला ३० पेक्षा जास्त वेळा श्वास अडकत असेल तर आजार तीव्र धरतात, त्यामुळे ४२ हा आकडा अंगावर काढण्याजोगा नाही, एवढेच नमूद करतो.

आपल्याला कोणीतरी सल्ला दिला आहे की आरटीओच्या दारात बसणारा एजंट नमुना १-अ, म्हणजे डॉक्टरांच्या सहीचे वैद्यकीय प्रमाणपत्र, अर्ध्या तासात भरून आणून देतो, तेव्हा विषयच काढू नका. तो नमुना कसा आहे ते पाहिले की हा सल्ला कोठून येतो ते कळते. त्यात डॉक्टरांना दृष्टीविषयी, लाल-हिरवा रंग ओळखण्याविषयी, २५ मीटरवरून नंबरप्लेट वाचण्याविषयी, ऐकू येण्याविषयी, रातांधळेपणाविषयी आणि हातापायांतील व्यंगाविषयी विचारलेले असते. झोपेचा किंवा श्वास अडकण्याचा रकाना त्यात नाही. मात्र नमुना १ हे चालकाने स्वतःच्या सहीने द्यायचे घोषणापत्र आहे आणि त्यात, ज्यामुळे आपले वाहन चालवणे लोकांना धोक्याचे ठरेल असा अन्य काही आजार आहे का, असल्यास तपशील द्या, असा स्पष्ट प्रश्न आहे. निदानाचा कागद घरात असताना तिथे ‘नाही’ लिहून सही करणे म्हणजे खोटे लिहून देणे होय. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८६ मध्ये, आपल्याला असा आजार आहे हे ठाऊक असूनही वाहन चालवणे हाच गुन्हा धरला आहे. उद्या दुर्दैवाने काही घडले, तर तो कागद कोणाच्या ना कोणाच्या हाती लागणारच, आणि मग विम्याच्या दाव्यात आपली बाजू लंगडी पडेल असे माझे मत आहे.

पण खरे सांगायचे तर कायदा हे माझे दुसरे कारण आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ३ सेकंदांत ५० मीटर पुढे जाते, आणि पेंग येऊन डोळा लागायला ३ सेकंद पुष्कळ झाले. साताऱ्याकडून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा संपल्यावर जे एस आकाराचे वळण लागते, तिथे भरलेली गाडी घेऊन पहाटे उतरलेल्या कोणालाही याहून अधिक समजावून सांगावे लागणार नाही. चहा, तंबाखू, तोंडावर पाणी, खिडकी उघडी ठेवणे यांनी ही पेंग जात नाही, कारण ती रात्रभर श्वास अडकून तुटलेल्या झोपेची असते. म्हणून उपचार बसेपर्यंत यजमानांनी लांब पल्ल्याची गाडी हाती घेऊ नये, आणि या बाबतीत मी कोणतीही सवलत देणार नाही.

निदान झाले म्हणजे लायसन गेलेच, ही भीती मात्र अनाठायी आहे. त्याच मोटार वाहन कायद्याच्या कलम १६ नुसार आजारामुळे चालक अपात्र आहे असे मानण्यास सबळ कारण असेल तर परवाना अधिकारी परवाना रद्द करू शकतात किंवा वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतात; म्हणजे प्रश्न चालकाच्या आजच्या क्षमतेचा असतो, आजाराच्या नावाचा नसतो. इतर देशांतही हाच विचार दिसतो. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानुसार एएचआय १५ किंवा त्याहून जास्त असून दिवसा फार झोप येत असेल तर आधी उपचार घ्यावे लागतात. आजार पुरेसा आटोक्यात आहे, उपचार नियमित चालू आहेत आणि झोपेची तक्रार कमी झाली आहे असे डॉक्टरांनी लिहून दिले की परवाना देता येतो, आणि व्यावसायिक चालकाची किमान वर्षातून एकदा फेरतपासणी होते. अमेरिकेत ट्रकचालकाचे वैद्यकीय प्रमाणपत्र जास्तीत जास्त २ वर्षांचे असते. तिथे स्लीप ॲप्नियासाठी स्वतंत्र नियम करण्याचा प्रस्ताव २०१६ मध्ये पुढे आला आणि २०१७ मध्ये मागे घेतला गेला, त्यामुळे तपासणारा डॉक्टरच निर्णय घेतो आणि यंत्राच्या वापराची नोंद बघतो. ७० टक्के रात्री किमान ४ तास वापर, हे त्यांचे नेहमीचे माप आहे. आपल्याकडे असे लिखित माप या नमुन्यांत नाही, आणि नेमक्या याच पोकळीत माणूस अडकतो.

मला जे सर्वांत महाग पडले ते आता सांगतो. रुग्णालयाचे नाव घेणार नाही. तपासणीनंतर डॉक्टरांनी खोलीत बसवून नीट समजावले होते की यंत्र नियमित लावा, काही आठवड्यांनी दाखवायला या, झोप सुधारली की गाडीचे बघू. खालच्या मजल्यावरच्या खिडकीतून अहवाल हाती आला, त्यावर मात्र यातले एक अक्षरही नव्हते. शेवटच्या पानावर जांभळ्या शाईचा, किंचित तिरका शिक्का होता : ‘रुग्णाने वाहन चालवू नये.’ कधीपर्यंत, कोणत्या अटीवर, फेरतपासणी केव्हा, काही नाही. शिक्क्याखाली ऑक्सिजनच्या आकड्यांची ओळसुद्धा अर्धी झाकली गेली होती. माझ्या पुढे रांगेत एक शाळामास्तर होते, त्यांच्याही अहवालावर तोच शिक्का होता. म्हणजे ते वैद्यकीय मत नव्हतेच. ज्याच्या त्याच्या कागदावर उमटवायची ती कार्यालयाची पद्धत होती.

उपचाराने दिवसाची पेंग गेली, रक्तदाब उतरला, तरी तो शिक्का काही पुसला जाईना. नमुना १-अ वर सही करणाऱ्या डॉक्टरांनी अहवाल पाहिला आणि पेन खाली ठेवले; वर ‘चालवू नये’ लिहिलेले असताना मी कशी सही करू, त्यांच्याकडूनच बदल करून आणा, असे ते म्हणाले, आणि त्यांचे बरोबरच होते. रुग्णालयाच्या खिडकीवर उत्तर मिळाले की आम्ही उपचार करतो, फिटनेस देत नाही. ज्यांनी तपासले होते ते डॉक्टर दरम्यान दुसरीकडे गेले होते आणि नवीन आलेले दुसऱ्याच्या अहवालात फेरफार करायला तयार नव्हते. लेखी अर्ज द्या म्हणाले, दिला. त्याची पोच मागितली तर इथे पोच देत नाहीत म्हणाले. पुढच्या खेपेला अर्ज सापडतच नव्हता. परिवहन कार्यालयात विचारले तर तिथल्या कर्मचाऱ्याने सभ्यपणे सांगितले की आमच्याकडे यासाठी रकानाच नाही, डॉक्टरांची सही आणा. या सगळ्यात जानेवारी ते एप्रिलचा द्राक्षांचा हंगाम निघून गेला. तासगाव भागातली भाडी दुसऱ्यांनी उचलली, माझी गाडी बदली चालकाच्या हाती द्यावी लागली आणि बँकेचा हप्ता काही थांबला नाही. मला कोणाविषयी सूडबुद्धी नाही, पण ज्या कागदावर एका कुटुंबाचे अन्न अवलंबून आहे त्या कागदावर शिक्का मारणाऱ्याने एक तारीख आणि एक अट लिहायचे कष्ट घेऊ नयेत, याचा राग आजही जात नाही.

सुटका झाली ती जुना कागद दुरुस्त होऊन नव्हे, नवा कागद मिळून. दुसऱ्या एका छातीविकारतज्ज्ञांनी मला त्यांचा रुग्ण म्हणून नव्याने तपासले, यंत्रातील नोंदी पाहिल्या आणि आजच्या स्थितीचे स्वतंत्र पत्र दिले. नमुना १-अ वाल्या डॉक्टरांनी ते पत्र सोबत जोडून सही केली.

म्हणून, ताई, यजमानांच्या अहवालावर असे मोघम वाक्य असेल तर आजच तपासणाऱ्या डॉक्टरांकडे जाऊन, ते तिथे आहेत तोवर, ‘उपचार स्थिरावून फेरतपासणी होईपर्यंत’ एवढे शब्द त्यांच्या सहीने आणि तारखेने लिहून घ्यावेत. त्यानंतर उपचार सुरू होऊन महिना-सव्वा महिना झाला की दुसरे पत्र मागावे. त्यात निदानाची तारीख आणि तेव्हाचा एएचआय, यंत्र सुरू केल्याची तारीख, किती टक्के रात्री आणि सरासरी किती तास वापर झाला, यंत्रावर असतानाचा उरलेला एएचआय, आणि दिवसा किती झोप येते ते मोजणाऱ्या एपवर्थ मोजपट्टीवरचे आजचे गुण असावेत. ती मोजपट्टी २४ गुणांची असते आणि १० च्या वर गुण गेले तर दिवसाची झोप जास्त समजतात. शेवटी, उपचार चालू असेपर्यंत परिवहन वाहन चालवण्यास हरकत नाही आणि पुढील तपासणी अमुक तारखेस, असे वाक्य हवे. डॉक्टरांना तसे वाटत नसेल तर त्यांच्यावर दबाव आणू नये. मग उपचारात काय कमी पडते आहे तेच आधी बघावे लागेल. पत्र हाती आले की नमुना १ मधील त्या प्रश्नाला ‘होय’ लिहून ते सोबत जोडावे.

या पत्राचा सगळा भार यंत्रातील नोंदींवर असतो आणि त्या सहज हातच्या जातात. बहुतेक यंत्रांत एक छोटे कार्ड असते. विक्रेता यंत्र दुरुस्तीला नेतो, किंवा भाड्याचे यंत्र परत घेऊन नवे देतो, तेव्हा कार्डही त्याच्याबरोबर जाते, म्हणून दर महिन्याला नोंदींचा छापील अहवाल काढून घरी ठेवावा. जुने, वापरलेले यंत्र स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये, असेही माझे मत आहे. २०२१ मध्ये एका मोठ्या परदेशी कंपनीने आतल्या फोमच्या दोषामुळे लाखो यंत्रे परत मागवली होती आणि हातोहाती आलेल्या यंत्राचा इतिहास आपल्याला कळत नाही.

केबिनमध्ये झोपताना यंत्र लावता येते. ट्रकची बॅटरी २४ व्होल्टची असते, तेव्हा त्या यंत्रासाठी योग्य असाच अडॅप्टर कंपनीला विचारून घ्यावा. हवा दमट करणारा भाग फार वीज खातो, तो बॅटरीवर असताना बंद ठेवलेला बरा. हळदीची किंवा उसाची वाहतूक असेल तर फिल्टर लवकर भरतो, तो वरचेवर बघावा. नाकावरचा मास्क झुपकेदार मिशांवर नीट बसत नाही आणि हवा गळते. हे वाचायला किरकोळ वाटेल, पण वापराचे तास कमी भरण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

मालकांशीही आताच बोलून घ्यावे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती आणि सलग ५ तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती होती; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. लांब पल्ल्याच्या गाड्यांवर अशी मर्यादा किती पाळली जाते हे आपण जाणताच. यंत्र लावूनही झोपच चार तासांची मिळाली तर पेंग येणारच, कारण यंत्र झोप अखंड ठेवते, तास वाढवून देत नाही. पत्र हाती येईपर्यंत यजमानांना गाडीवर न पाठवता भरणी-उतरणीची देखरेख, बिल्ट्या किंवा गॅरेजचे काम द्यावे, अशी लेखी विनंती करून तिच्या प्रतीवर मालकांची सही घ्यावी. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी वर्षभरापर्यंत करता येतो, त्यामुळे तारखेची वाट न पाहता पत्र मिळाल्याबरोबर अर्ज टाकावा. यंत्र याच आठवड्यात घरी आले तर दोन महिन्यांत हे सारे बसते. माझ्या पत्राचा नमुना हवा असल्यास कळवावे, नाव-गाव झाकून पाठवतो.