वाचक विचारतात : सायकल कुठून चालवायची?

(उत्तरं देणारे : एसटीचे निवृत्त चालक, रत्नागिरी)

काका, मुलगा नेवऱ्याहून मालगुंडला शाळेत सायकलने जातो. आरे-वारेकडून पर्यटकांच्या गाड्या सुसाट येतात. आजोबा त्याला सांगतात, उजव्या बाजूने जा, समोरची गाडी तरी दिसेल. बरोबर आहे का?
— एक आई, नेवरे

आजोबांची काळजी खरी आहे, ताई. पण हा सल्ला पायी चालणाऱ्यासाठी. सायकल हे वाहन आहे, ती डावीकडूनच जायला हवी.

हिशेब बघा. गाडी ताशी ६० किलोमीटरने येतेय, सायकल १५ ने चाललीय. दोघं एकाच दिशेला असतील तर अंतर ताशी ४५ ने घटतं, समोरासमोर असतील तर ७५ ने. शिवाय मागून येणारा ड्रायव्हर वेग कमी करून सायकलच्या मागे राहू शकतो. समोरून येणाऱ्याला ती सोय नसते. आपल्याकडची वळणं डोंगर कापून काढलेली, डाव्या हाताला थेट कातळ. ड्रायव्हर कातळाला धरून वळतो आणि त्याच कडेने पोर समोर येतं. बेड्यातून, म्हणजे घराच्या फाटकातून, दुचाकी काढणारा माणूसही डावीकडे वळायचं असेल तर उजवीकडेच बघतो, कारण गाड्या तिकडून येतात. उलट्या बाजूने आलेली सायकल त्याला दिसतच नाही.

आता डावीकडे म्हणजे किती डावीकडे, हेही मुलाला नीट दाखवा. अगदी डांबराच्या काठावरून नको. पावसात साईडपट्टीची माती वाहून जाते आणि डांबराच्या कडेला पायरी पडते, कुठे कुठे वीतभर. चाक खाली उतरलं की मूल घाबरून हँडल आत वळवतं. टायर त्या पायरीला घासतो, वर चढत नाही, आणि सायकलस्वार उजवीकडे पडतो, म्हणजे मागच्या गाडीच्या पुढ्यात. झाडांखालच्या कडेला शेवाळ असतं ते वेगळंच. म्हणून काठापासून दोन-अडीच फूट आत, सरळ रेषेत चालवायची. मागून हॉर्न वाजला तरी दचकून खाली उतरायचं नाही. बाजूला व्हायचंच असेल तर आधी वेग कमी करायचा, सपाट जागा बघायची आणि मगच उतरायचं.

मी चिपळूण-गुहागर टेम्पो चालवतो. रविवारी सायकलवाल्यांचे ग्रुप जोडीजोडीने गप्पा मारत जातात. त्यांना लायसन नाही, नंबर नाही, टॅक्स नाही. मग नियम काय ते आम्हालाच का?
— टेम्पोचालक, मार्गताम्हाने

नियम त्यांनाही आहेत, भाऊ. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ रस्त्यावर बेदरकारपणे ‘कोणतंही वाहन’ चालवणाऱ्याला लागतं, आणि सायकल त्यातून सुटत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लायसन आणि नंबर १९८८ चा मोटार वाहन कायदा मागतो, तो मोटारीला. टनभर वजन वेगात नेणाऱ्याकडून जास्त जबाबदारी मागितली, यात मला अन्याय दिसत नाही.

ग्रुपवाल्यांना मात्र तुमच्या वतीने सांगतो. मागून गाडीचा आवाज आला की एकामागे एक व्हा, वळणावर आणि चढावर तर आवाजाची वाटही बघू नका. माणसं जास्त असतील तर चार-पाच जणांच्या तुकड्या करा आणि दोन तुकड्यांमध्ये टेम्पो सामावेल एवढी जागा सोडा. हे केलं नाहीत तर टेम्पोवाल्याला सगळी रांग एका दमात ओलांडावी लागते, आणि समोरून एसटी आली तर तो तुमच्याच अंगावर येणार.

आता तुमच्याकडे वळतो. पुढचा रस्ता दिसत नसेल तिथे, वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर, ओव्हरटेक करायचं नाही. सरळ रस्ता येऊ द्या. सायकलच्या मागे २०० मीटर ताशी १५ ने गेलात तर ४८ सेकंद जातात. ताशी ४५ ने गेला असता तर १६. म्हणजे ३२ सेकंदांसाठी आपण एक माणूस धोक्यात घालतो, आणि ते मला अजिबात पटत नाही. ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवा. फ्रान्समध्ये गावाबाहेर तेवढं ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. मोठी गाडी जवळून गेली की वाऱ्याने सायकल आधी बाहेर ढकलली जाते आणि गाडी पुढे सरकताच आत ओढली जाते. हे तुम्हाला केबिनमधून जाणवत नाही, सायकलवाल्याला पुरेपूर जाणवतं.

घाटात रस्ता अरुंद असेल तर थांबायचं कोणी? आणि वळणावर एसटी हळू झाली की डावीकडून सायकल काढली तर चालेल का?
— कॉलेज विद्यार्थी, दापोली

उतरणाऱ्याने थांबायचं, चढणाऱ्याला वाट द्यायची. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांत हे स्पष्ट आहे. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणं किती जड जातं, ते मी स्टिअरिंगवर बसून अनुभवलंय.

डावीकडून मात्र काढू नकोस, बाळा. लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, ती वळणाच्या आतल्या बाजूने कापत येतात. डावं वळण असेल तर सुरुवातीला तुला दिसणारी मोकळी जागा बस वळेपर्यंत संपलेली असते, आणि एका बाजूला चाक, दुसऱ्या बाजूला कठडा. तिथे तू ड्रायव्हरच्या आरशातही नसतोस. बसच्या मागे थांब, तिला पूर्ण वळू दे, मग नीघ.