जुनी फोरेज वॅगन: घ्या, पण मागितलेल्या किमतीला नको

नमस्कार ताई,

तुम्ही सगळे आकडे मोकळेपणाने मांडलेत, त्यामुळे नेमकं बोलता येईल. चौदा वर्षं वापरलेली, 25 घनमीटरची, रोटर (चारा आत रेटणारा दात्यांचा फिरता दंड) असलेली फोरेज वॅगन, म्हणजे ट्रॅक्टरने ओढायची चारा भरण्याची गाडी, तुम्हाला मिळते आहे. आत्तापर्यंत मुरघासाचं, म्हणजे हिरवा चारा खड्ड्यात दाबून हवाबंद साठवण्याचं, काम ठेकेदार करतो आणि गेल्या हंगामात तो दहा दिवस उशिरा आला. ठेव मोडून वॅगन घेतली तर साडेतीन वर्षांत पैसे वसूल होतील, असा तुमचा हिशोब आहे. हा हिशोब पुन्हा मांडायला हवा. त्यासाठी वॅगनची मागितलेली किंमत 100 धरतो आणि तुम्ही दिलेल्या बाकी रकमा त्याच प्रमाणात लिहितो.

ठेकेदाराला तुम्ही वर्षाला 28 देता. ते सगळे वाचतील असं तुम्ही धरलंय, तिथेच गडबड आहे. फोरेज वॅगन उभं पीक कापत नाही. आधी कापून, सुकवून, ओळीत लावलेला चारा ती पिकअपने, म्हणजे पुढच्या फिरत्या दात्यांनी, उचलते, रोटर तो सुऱ्यांमधून रेटतो आणि मागे भरतो. गवत आणि लसूणघासाला हे उत्तम चालतं. तुमच्या मुरघासात एक तृतीयांश मका आहे आणि मक्याला उभं पीक कापून बारीक करणारं कुट्टी यंत्रच लागतं. म्हणजे ठेकेदाराच्या बिलातले मक्याचे 9 तसेच राहणार. वाचतील ते 19.

या 19 मधूनही खर्च जाणार आहे. डिझेल, चालक आणि खड्डा दाबायला भाड्याचा दुसरा ट्रॅक्टर यांचे मिळून 5 धरा. हा दुसरा ट्रॅक्टर तुमच्या पत्रात कुठेच नव्हता. तुमचा एकुलता एक ट्रॅक्टर वॅगन ओढत असताना खड्ड्यावर कोण फिरणार? ताशी जितके टन चारा खड्ड्यात पडतो, त्यातल्या दर टनामागे साधारण 400 किलो वजनाचा ट्रॅक्टर दाबायला लागतो. ताशी दहा टन आलं तर चार टनांचा ट्रॅक्टर सतत फिरता हवा. वॅगनचे तुकडे कुट्टी यंत्रापेक्षा लांब पडतात, त्यामुळे ते दबायलाही जड जातात. इथे कंजूषपणा केला तर हवा आत राहते, मुरघास तापतो आणि बुरशी धरतो. सुऱ्या, पिकअपचे दाते, बेअरिंग, तेल, ग्रीस, टायर यांचे आणखी 5, विमा आणि शेडचा 1. एकूण 11 गेले. हातात राहिले वर्षाला 8.

आता यंत्राची झीज. माझ्या अंदाजाने घेतल्या घेतल्या 15 घालावे लागतील, त्याचं कारण खाली सांगतो. म्हणजे 115 गुंतले. सात वर्षं वापरून 30 ला विकली तर 85 गेले, वर्षाला साधारण 12. ठेवीवर 7 टक्के व्याज धरलं तर अडकलेल्या पैशावरचं बुडालेलं व्याज सरासरी 5. म्हणजे वर्षाला 17 चा भार आणि समोर बचत 8.

केवळ एवढ्यावर मी नाही म्हटलं असतं. पण वेळेचीही किंमत असते आणि ती तुमच्या पत्रातच दिसते. गवताला तुरे येऊ लागले की त्याची पचनीयता दिवसाला साधारण अर्ध्या टक्क्याने घसरते. दहा दिवसांत पाच टक्के गेले, आणि ते भरून काढायला तुम्ही 12 चं जादा पशुखाद्य घेतलंत. मात्र सगळा दोष ठेकेदाराचा नव्हता. त्या दहांपैकी चार-पाच दिवस पाऊसच होता, असं तुम्हीच लिहिलंय. पावसात तुमची वॅगनही उभीच राहिली असती. म्हणून वेळेत काम झाल्याचा फायदा मी निम्माच, म्हणजे 6 धरतो. 8 आणि 6 मिळून 14. भार 17. मागितलेल्या किमतीला घेतलीत तर दरवर्षी 3 चा तोटा.

तीच वॅगन 70 ला मिळाली तर दुरुस्तीसह 85 गुंततात. 30 पुन्हा हातात येतात, झीज वर्षाला 8, व्याज 4, एकूण भार 12. समोर 14. म्हणजे व्यवहार जमतो, थोडा का होईना. 70, फार तर 75, ही माझी मर्यादा. शेजाऱ्यांकडून भाडं मिळेल ही आशा मी जमेला धरलेली नाही आणि तुम्हीही पहिला हंगाम संपेपर्यंत धरू नका. त्यांचं गवत तयार होईल ते दिवस तुमच्याही गवताचेच असतील.

भाव पाडायचा तर यंत्राकडे बघून पाडा. 'सर्व्हिस केलेली आहे' या वाक्याला काही किंमत नाही. तळातली साखळी आधी बघा, सगळा भार मागे ओढून नेते ती हीच. ताण देणारा बोल्ट किती शिल्लक आहे ते पाहा. तो टोकाला पोहोचला असेल तर साखळी ताणून संपलेली आहे. दोन्ही बाजूंच्या साखळ्या सारख्या ताणलेल्या नसतील तर आडव्या पट्ट्या तिरक्या चालतात आणि एक दिवस भरल्या वॅगनीत तुटतात. मग सगळा चारा हाताने उपसावा लागतो. खाली वाकून तळाचा पत्रा बोटाने दाबून बघा. मुरघासाचा आंबट रस लोखंड खातो आणि वरून मारलेला ताजा रंग ते झाकतो. ताजा रंग दिसला की मी जास्त सावध होतो.

मग रोटर. त्याच्या दात्यांची टोकं गोल झाली असतील तर तो चारा ढकलण्याऐवजी चेंगरतो. सुऱ्यांची पेटी उघडायला लावा आणि प्रत्येक सुरीमागची स्प्रिंग हाताने दाबा. दगड आला की सुरी मागे सरायला हवी. गंजून अडकलेली सुरी तुटते आणि तिचा तुकडा चाऱ्यात जातो, जनावरासाठी ते जिवावरचं आहे. गिअरबॉक्सच्या तेलात चमकणारा चुरा दिसला तर तिथेच व्यवहार थांबवा. त्या दुरुस्तीचा अंदाज बाहेरून बांधता येत नाही. मी धरलेले 15 हे साखळीची जोडी, सुऱ्यांचा एक संच आणि काही होज-बेअरिंग एवढ्यासाठीच आहेत. या मॉडेलचे सुटे भाग आजही मिळतात का, हे पैसे देण्याआधी भाग क्रमांक सांगून विचारा. जुनं यंत्र स्वस्त असतं ते बरेचदा याच कारणाने.

शेवटची अट चाचणीची. तुमच्याच शेतात, तुमच्याच 75 एचपीच्या ट्रॅक्टरला जोडून, किमान दोन खेपा पूर्ण भरून. रोटर ताकद मागतो. जाड, ओल्या ओळीत ट्रॅक्टर दम सोडत असेल तर ही वॅगन तुमची नाही, कितीही स्वस्त असो. भरलेली वॅगन उतारावर ब्रेकला कशी आवरते तेही त्याच वेळी कळेल. लांबच्या शेतावरून एक खेप मोजून बघा. वॅगन रस्त्यावर असते तेव्हा उचलणी बंद असते, त्यामुळे अंतर वाढलं की दिवसाचं काम झपाट्याने कमी होतं. ते शेत परवडत नसेल तर मक्याला द्या आणि गवत जवळ घ्या.

देखभालीचे 5 मी धरले ते नीट सांभाळलं तरच पुरतील. हंगामात सुऱ्यांना रोज धार हवी. बोथट सुरी चारा फाडते आणि डिझेल खाते. शिअर बोल्ट (जादा भार आला की यंत्र वाचवायला आधी तुटणारा बोल्ट) तुटला तर त्याच प्रतीचा घाला. जास्त कडक बोल्ट घातला की पुढच्या वेळी गिअरबॉक्स तुटतो. हंगाम संपला की आतला चारा पूर्ण काढून धुवा, वाळवा, साखळ्यांना तेल द्या आणि छपराखाली ठेवा. आणि चोंदलेला रोटर मोकळा करताना पीटीओ (ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणारा फिरता दांडा) बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात. चालवणारा तुमचा मुलगा आहे असं लिहिलंत, म्हणून हे त्याला आवर्जून वाचून दाखवा.

आता ठेव. ती 130 आहे. घरखर्च आणि जनावरांचं खाद्य मिळून सहा महिन्यांचे 60 बाजूला राहिलेच पाहिजेत. दुधाचे पैसे एकदा लांबले की त्यांचा अर्थ कळतो. मोकळे उरतात 70. वॅगनसाठी तेवढे काढा आणि दुरुस्तीच्या 15 साठी दोन वर्षांचं लहान कर्ज घ्या, किंवा विक्रेत्याला तेवढी रक्कम हंगामानंतर घ्यायला तयार करा. वर्षाच्या 8 च्या बचतीतून ते फिटतं. सगळी ठेव मोडू नका.

विक्रेता 75 पर्यंतही खाली आला नाही तर सोडून द्या. त्याऐवजी ठेकेदाराला थोडी आगाऊ रक्कम द्या आणि तारखांची मुदत लेखी घ्या, उशीर झाला तर दर किती कमी होईल तेही त्यात असू द्या. उशिराचं नुकसान त्यानेही बरंचसं आटोक्यात येतं.

आणि वॅगन घेतलीत, तर मक्यासाठी त्याच ठेकेदाराशी आत्ताच बोला. गवताचं मोठं काम हातचं गेल्यावर तो मक्याचा दर वाढवू शकतो किंवा तुम्हाला रांगेत शेवटी टाकू शकतो. त्याने 9 चे 12 केले तर मी वर दाखवलेला सगळा फायदा तिथेच संपतो. त्याचा दर लेखी मिळाल्यावरच वॅगनची इसार रक्कम द्या.