पहाटे दोनची हजेरी

चि. पोरीस, अनेक उत्तम आशीर्वाद. (आमच्या वडिलांची पत्रं अशी सुरू व्हायची, म्हणून. पुढचं पत्र इतकं गोड नाही.)

तुझा मेसेज तीनदा वाचला. अकरा आठवडे, दर मंगळवारी रात्री दोन ते चार तू रेडिओवर गाणी लावतेस, आणि स्टुडिओतला फोन एकदाही वाजला नाही. "काका, कोणी ऐकतच नसेल तर मी कशाला जागतेय?" आणि खाली तुझ्या बाबांचं वाक्य, की इंटर्नशिपचे अर्ज भरायचे सोडून ही गाणी कसली लावतेस. तुझ्या बाबांना मी चाळीस वर्षं ओळखतो. त्यांचं उत्तर त्यांना स्वतंत्र मिळेल.

तुला एवढंच सांगतो: हजेरी लाव. कळलं असेल तर इथेच थांब आणि झोप. नसेल कळलं तर वाच.

मी १९९२ मध्ये सिनसिनाटीला एम.एस. करायला आलो. क्लिफ्टनमध्ये चौघांत एक खोली, आधीच्या भाडेकरूने टाकून दिलेला एक रेडिओ. त्यावर फिरता फिरता ९७.७ हे एफएम स्टेशन लागलं. ऑक्सफर्ड, ओहायो. इंग्लंडातलं ऑक्सफर्ड नव्हे, आणि तिथलं मायामी विद्यापीठही फ्लोरिडातलं नव्हे. फ्लोरिडा राज्य झालं १८४५ मध्ये, हे विद्यापीठ त्याच्याही आधीचं, आणि तिथली मंडळी हे ऐकवल्याशिवाय राहत नाहीत. तर त्या विद्यापीठाच्या गावात एका नवरा-बायकोने १९८१ मध्ये एक लहानसं स्टेशन विकत घेतलं आणि १९८३ मध्ये त्यावर असलं संगीत लावायला सुरुवात केली, जे आसपासचं कुठलंही स्टेशन लावत नव्हतं. डब्ल्यूओएक्सवाय, म्हणजे ९७एक्स. 'बॅम! द फ्यूचर ऑफ रॉक अँड रोल' ही त्यांची आरोळी. 'रेन मॅन' सिनेमात डस्टिन हॉफमन तीच पुन्हा पुन्हा बडबडतो. जगाला ते स्टेशन तेवढंच माहीत.

सिनसिनाटीत ते धड लागत नसे. खिडकीच्या गजाला वायर गुंडाळायची, रेडिओ टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात ठेवायचा आणि मध्ये कोणी उभं राहायचं नाही. माझा तेलुगू रूममेट मध्ये उभा राहिला की खरखर यायची आणि मी ओरडायचो. पण त्या खरखरीतून काय काय आलं! डेटनचे ब्रीडर्स, डेटनचेच गायडेड बाय व्हॉइसेस, आमच्याच सिनसिनाटीचे अफगाण व्हिग्ज. तासाभराच्या अंतरावरची पोरं, आणि ती रेडिओवर. मी साताऱ्याचा. आमच्या गल्लीतला कोणी रेडिओवर गाईल ही कल्पनाच मला नव्हती.

आमच्या विद्यापीठाजवळ शॉर्ट वाइन नावाच्या रस्त्यावर सड्सी मलोन्स नावाची जागा होती. एकाच छताखाली बार, कपडे धुवायची मशीनं आणि बँडसाठी छोटं स्टेज. कपड्यांची पिशवी घेऊन गेलं की आत जायला पैसे पडत नसत. मी दर आठवड्याला पिशवी घेऊन जायचो. आणि काय करायचो? साउंडचेक सुरू झाला की कपडे घड्या घालून घरी. सकाळी लॅबला जायचं असायचं. दोन वर्षं, पोरी. पिशवी घेऊन दारापर्यंत रोज... असो. रोज नाही, दर रविवारी. पण एकदाही थांबलो नाही. घरी येऊन तीच गाणी खरखरीतून ऐकायचो.

आता माझा गुन्हा सांगतो. १९९२ पासून २००४ पर्यंत, बारा वर्षं, मी ते स्टेशन ऐकलं. नोकरी लागल्यावर शहराच्या उत्तरेला राहायला गेलो, तिथे ते स्वच्छ लागायचं, मग तर गाडीत दुसरं काहीच नसायचं. मेमोरियल डेच्या सुट्टीत शेजारच्या इंडियानात पाचशे मैलांची मोटारशर्यत असते. हे लोक त्याच सुट्टीत पाचशे गाणी उलट्या क्रमाने लावायचे. मी वही घेऊन बसायचो. ती वही अजून आहे. आणि बारा वर्षांत मी त्यांना एकदाही फोन केला नाही. फर्माईश नाही, तक्रार नाही, 'मी ऐकतोय' एवढंसुद्धा नाही.

का? नाव सांगायचं म्हटलं की पुढचं अर्धं मिनिट स्पेलिंगमध्ये जायचं. माझे उच्चार. थेट हवेवर घेतलं तर काय बोलणार? शिवाय व्हिसाची टांगती तलवार, घरी पाठवायचे पैसे, मग घराचा हप्ता, मग मुलगा. हे सगळं खरं आहे, बरं का. तू हसू नकोस. एकट्याने परदेशात पाय रोवणाऱ्या माणसाला कुठे कुठे म्हणून हजेरी लावता येईल? पण एक फोन लावायला ग्रीन कार्ड लागत नव्हतं, हेही खरंच.

गंमत म्हणजे हजेरी काय असते हे मी घरातच पाहिलं होतं. माझी आत्या आकाशवाणीच्या 'आपली आवड'ला कार्डं पाठवायची. पंधरा पैशांचं पोस्टकार्ड, त्यावर गाण्याचं नाव आणि खाली घरातल्या झाडून सगळ्यांची नावं, शेजारच्यांचीसुद्धा. एखाद्या दिवशी ती नावं रेडिओवर वाचली गेली की आत्या वाटीभर साखर वाटायची. मला भयंकर लाज वाटायची. झुमरीतलैया नावाचं गाव नकाशावर कुठे आहे हे आमच्या पिढीत फारसं कोणाला ठाऊक नव्हतं, पण तिथले लोक गाणी मागवतात हे घराघरात ठाऊक होतं. ते लोक हजेरी लावत होते. आम्ही शिकलेले, आम्ही नुसते ऐकत होतो.

२००४ च्या जानेवारीत बातमी आली, स्टेशन ५६ लाख डॉलरना विकलं. गाण्यांना कोण एवढे पैसे देतो? किंमत त्या ९७.७ या जागेची होती, कारण तो परवाना सिनसिनाटीच्या जवळ सरकवता येत होता. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती स्टेशनं घ्यावीत यावरची मर्यादाच काढून टाकली होती, तेव्हापासून लहान स्टेशनांचं मोल त्यांच्या मनोऱ्यावरून ठरू लागलं होतं. १३ मे २००४ ला ९७एक्स हवेवरून गेलं. पुढे ती फ्रीक्वेन्सी सिनसिनाटीजवळच्या मेसन गावाच्या नावावर गेली. तुला ठाऊक आहेच, इथे प्रत्येक स्टेशनला तासाच्या तोंडाशी आपली अक्षरं आणि परवान्याचं गाव बोलून दाखवावं लागतं. तू ते कंटाळून पुटपुटतेस, मला कळतं. नीट म्हण. सरकारने सक्तीची केलेली ती हजेरी आहे, आणि एक दिवस त्या अक्षरांपुढे दुसऱ्याच गावाचं नाव येतं तेव्हा पोटात कसं होतं ते मी अनुभवलंय.

हवेवरून गेलं तरी मेलं नाही. जुलैत इंटरनेटवर परत आलं. मी ऑफिसात हेडफोन लावून दिवसभर ऐकायचो. २००६ मध्ये त्यांनी श्रोत्यांकडे वर्गणी मागितली. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू. सप्टेंबरच्या मध्यावर बंद. नवा मालक मिळाला, परत सुरू. तेव्हासुद्धा मी 'चला, वाचलं' म्हणून खूश झालो आणि पुन्हा फुकट ऐकायला बसलो! २००९ मध्ये बिऱ्हाड टेक्ससला, ऑस्टिनला गेलं. २३ मार्च २०१० ला कायमचं बंद. मी मीटिंगमधून जागेवर आलो, हेडफोन लावले, शांतता. मला वाटलं आमच्याच ऑफिसचं नेट गेलं. आयटीवाल्याला फोन केला. म्हणजे बघ, फोन करता येत होता मला.

त्यानंतर मी सुधारलो. नदीपलीकडे केंटकीत डब्ल्यूएनकेयू नावाचं सार्वजनिक स्टेशन होतं, तिथल्या विद्यापीठाचं. दर वर्षी वर्गणी भरली, कॉफीचा मग मिळाला, पिशवी मिळाली, दोनदा देणगी मोहिमेत जाऊन फोनसुद्धा घेतले. माझ्यासारख्याच अडखळणाऱ्या एका आजोबांनी दहा डॉलर द्यायला वीस मिनिटं घेतली, आणि ती वीस मिनिटं मला फार आवडली. २०१७ मध्ये विद्यापीठाने ते स्टेशनही विकायला काढलं. धार्मिक प्रसारणवाल्यांनी घेतलं.

इथे तू म्हणशील, मग काय उपयोग झाला काका तुमच्या हजेरीचा? हा प्रश्न माझ्या मुलानेही विचारला होता आणि त्याला मी नीट उत्तर दिलं नाही, जेवताना उठून गेलो. तुलाही देत नाही. हजेरीने स्टेशन वाचतं असं मी कधी म्हटलं? आत्याच्या कार्डांनी आकाशवाणी चालत नव्हती. मी एवढंच जाणतो की पहिलं गेलं तेव्हा मी कोणाला तोंड दाखवू शकत नव्हतो, कारण तिथलं मला कोणी ओळखतच नव्हतं. दुसरं गेलं तेव्हा चारजण माझ्या घरी आले, पोहे खाल्ले आणि रडले. पोह्यांत मीठ कमी होतं, कोणी बोललं नाही.

आता तुझ्याबद्दल. फोन वाजत नाही म्हणजे कोणी ऐकत नाही, हे गणित तू कुठून आणलंस? बारा वर्षं न वाजलेला फोन म्हणजे मी. त्या डीजेंपैकी कोणाला तरी वाटलंच असेल की क्लिफ्टनमध्ये आपल्याला कुत्रंही ऐकत नाही. आणि तिथे एक मुलगा खिडकीच्या गजाला वायर गुंडाळून बसला होता. माझ्यासारखे कृतघ्न खूप असतात. रात्रपाळीच्या नर्स, गोदामात खोकी उचलणारे, झोप न येणारे. ते फोन करणार नाहीत. तू त्यांच्यासाठी ये. आणि अ‍ॅप तुझ्यापेक्षा चांगली गाणी सुचवतं म्हणतेस, तर सुचवू दे ना. सव्वातीनला चुकून दोन गाणी एकदम सुरू होऊन 'अरे देवा' असं मराठीत म्हणणारं अ‍ॅप मला दाखव.

तुझं एक मात्र चुकतंय. तू स्वतः किती ठिकाणी हजेरी लावतेस? तुझ्या आधीच्या बारा ते दोनच्या मुलाला कधी सांगितलंस की त्याचा तास ऐकला? गावात बँड वाजतो तिथे जातेस, की कपड्यांच्या घड्या घालून घरी? फोन वाजायची वाट बघणाऱ्याने आधी दुसऱ्याचा फोन वाजवावा. रागावलीस तर रागाव.

इंटर्नशिपचे अर्जही भर. बाबा तेवढ्यापुरते बरोबर आहेत. दोन ते चार या वेळेत कुठली कंपनी अर्ज घेत नाही, त्यामुळे अडचण येऊ नये.

आणि हो. गेल्या मंगळवारी पावणेतीनच्या सुमारास तू एक गाणं लावलंस, बाईचा आवाज, मागे फक्त बास आणि काहीतरी पत्र्यावर वाजवल्यासारखं. संपल्यावर तू थेट पुढच्या गाण्याला गेलीस, नाव सांगितलंच नाहीस. मी फोन हातात घेतला होता. नंबरही लावला होता, शेवटचा आकडा सोडून. मग म्हटलं, पोरगी कामात असेल.

कोणाचं होतं ते, कळव.

तुझा
काका